अहो-जाहोचा उन्हाळा

समोरच्या दारातल्या भाभी मला वीसेक वर्षं 'तुम्ही' म्हणत आल्या आहेत आणि मागच्या उन्हाळ्यापर्यंत त्यात मला काही खुपलं नव्हतं. मीही त्यांना 'तुम्ही'च म्हणत होते. आमच्या दोन दारांमध्ये एक चटई अंथरता येईल एवढाच पॅसेज आहे. एवढ्या जवळ राहणाऱ्या दोन बायकांनी एकमेकींशी बहुवचनात बोलावं, हे मला सभ्यपणाचं लक्षण वाटायचं. मी कॉलेजात मराठी शिकवलं. द्वितीय पुरुष, एकवचन, अनेकवचन, आदरार्थी अनेकवचन हा तक्ता फळ्यावर लिहिताना कधी हात अडला नाही. त्यातला एक चौकोन पुढे मलाच टोचेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

उन्हाळ्यात आमची दोन घरं एकच होत. भाभींचे यजमान शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर. ते सकाळी गेले की भाभींचं दार उघडं ते संध्याकाळपर्यंत. आंबील माझ्याकडे. नाचणीचं पीठ रात्री भिजवायचं, सकाळी शिजवून गार करायचं, त्यात ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, वरून बारीक कांदा. ऊन चढायला लागलं की भाभी स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन यायच्या. गुलकंद त्यांच्याकडे. गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर बरणीत थरावर थर भरून त्या बरणीला गच्चीवर उन्हात बसवायच्या, आणि कावळ्यांवर भरवसा नसल्यासारख्या दिवसातून दोनदा वर जाऊन बघून यायच्या. दुपारी सब्जाचं सरबत. रविवारी शिकेकाई. उन्हानं चेहरा रापला की त्या मसुराच्या पिठात साय कालवून वाटी पुढे करायच्या, "लावा की ह्ये बाई, काळ्या पडलाईसा." सौंदर्य वगैरे शब्द आमच्यात कधी निघाला नाही. काळ्या पडलाईसा, एवढंच त्याचं शास्त्र.

आणि चटणी. कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढायची ओली चटणी नव्हे. वर्षभर आमटी, भाजी, रस्सा, सगळं जिच्यावर चालतं ती कांदा-लसणाची लाल चटणी. संकेश्वरी आणि बेडगी मिरची उन्हात कडकडीत वाळवायची, देठ खुडायचे, मसाले भाजायचे आणि सगळं डंकावर न्यायचं. डंकाची लोखंडी मुसळं वरखाली आदळत असतात, मिरचीचा धुरळा उडत असतो आणि समोर बाकड्यावर बायका नाकाला पदर लावून, डोळे गाळत, आपली चटणी दुसरीच्या डब्यात जात नाही ना यावर नजर ठेवून बसलेल्या असतात. वर्षानुवर्षं मी आणि भाभी तिथे शेजारी बसून रडलो आहोत. माणसाशी नातं जुळायला याहून जास्त काय लागतं, मला ठाऊक नाही.

मागच्या पाडव्याच्या सुमाराला वरच्या मजल्यावर एक बाई भाड्यानं राहायला आली. पुण्याहून. नवऱ्याची बँकेतली बदली. वय चाळिशीच्या आसपास, आवाज मोकळा, हातात कायम फोन, आणि तो फोन कायम कशाकडे तरी रोखलेला. पहिल्याच दिवशी जिन्यात आम्हा दोघींना गाठून म्हणाली, "मला ते अहो-जाहो जमतच नाही हं. मला सरळ तू म्हणायचं."

मी हसले. "बघू," म्हणाले आणि कुलूप उघडून आत गेले.

मागून भाभींचा आवाज आला. "बरं की. ये मग चहाला."

एवढंच झालं. राज्यं हातची जातात तेव्हाही बहुधा एवढंच होत असावं, पुढचं सगळं इतिहासवाले भरतात.

आठवड्याभरात मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर पाण्याच्या टाकीच्या पलीकडून भाभी त्या नव्या बाईला म्हणत होत्या, "अगं येडे, अशी दाबून भरू नकोस! पाकळी गुदमरती. हलक्या हातानं, हां. कधी काय केलंईस का न्हाईस आयुष्यात?"

भाभी मला येडे म्हणाल्या नव्हत्या. कधीच नाही. माझी आंबील पिऊन त्या दर वेळी म्हणायच्या, "छान झालीया बाई." लसूण करपट लागला तरी छान, ताक आंबट झालं तरी छान. मी ती दाद समजत होते. टाकीच्या अलीकडे ओली चादर हातात धरून उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं, पाहुण्यालाही आपण असंच म्हणतो.

नवी बाई भाभींच्या बोलण्यावर खूश होती. आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी जातो', 'मी येतो' म्हणतात. मी स्वतः घरात 'मी जेवतो' म्हणते आणि वहीत 'मी जेवते' लिहिते. भाभी "मी येतो गं" म्हणाल्या की ती टाळ्या पिटायची. "अगं किती गोड! परत म्हण ना, फोनवर घेते." आणि भाभी परत म्हणायच्या. मी मनातल्या मनात हलक्या प्रतीचे सगळे शेरे मारले. पण खरं सांगायचं तर मला त्या रेकॉर्डिंगची चीड नव्हती. माझ्यापुढे भाभी कधी एवढ्या खिदळल्या नव्हत्या, हे लागलं होतं.

मग तिनं गच्चीवर 'उन्हाळी सौंदर्य व स्वास्थ्य सोहळा' काढला. छापील फलक होता. त्यावर काकडीच्या चकत्यांचं चित्र, खाली तिचं नाव आणि त्याखाली, लहान अक्षरांत, 'विशेष सहकार्य' म्हणून भाभींचं. सोसायटीच्या अध्यक्षांच्या सौभाग्यवतींच्या हस्ते उद्घाटन. कापायला फीत हवी, ती बांधायला गच्चीवर दार नव्हतं, म्हणून माठाला बांधली. पाण्याच्या माठाची फीत कापताना मी या आधी कोणालाही पाहिलं नव्हतं. सौभाग्यवतींनी थोडं भाषणही केलं, पाण्याचं महत्त्व या विषयावर. ज्या दिवशी नळाला पाणी आलं नव्हतं त्या दिवशी.

टेबलावर काचेच्या बरण्यांत कैरीचं पन्हं, त्यात पुदिन्याची पानं तरंगत होती, जणू चुकून पडली आहेत आणि कोणी काढायचं धाडस करत नाही. गुलाबपाणी फवाऱ्याच्या बाटल्यांत. मुलतानी माती 'क्ले मास्क' झाली होती. मसुराचं पीठ आणि साय यांना तर मी ओळखलंही नाही, इतकं लांबलचक नाव लावलं होतं. माझी आंबील कागदी कपांत होती. तिची ओळख करून देताना नवी बाई म्हणाली, "हा आपल्या ताईंचा रागी कूलर." बायकांनी टाळ्या वाजवल्या. आंबीलीला टाळ्या पडताना ऐकून मला माझ्या आईसाठी वाईट वाटलं, कारण तिला उभ्या जन्मात एक पडली नव्हती.

भाभी पुढच्या खुर्चीवर, मान मागे टाकून, दोन्ही डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून बसल्या होत्या. नवी बाई त्यांच्या गालावर माती थापत होती.

"गार लागतंय का?"

"लई भारी लागतंय गं. अजून थाप. कपाळाला बी थाप."

"हलू नकोस, ओठात जाईल."

"जाऊ दे. माती काय कोल्हापूरच्या माणसाला नवी हाय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण न हसणं दिसलं असतं.

यानंतर चटणीचे दिवस आले. दर वर्षी भाभी पॅसेजमधूनच विचारायच्या, "बाई, मिरची कधी?" त्या वर्षी मी माझी मिरची वाळवून, देठ खुडून, पिशवीत भरून तयार ठेवली आणि वाट बघत बसले. एका सकाळी खालून स्कूटरचा आवाज आला. बाल्कनीतून पाहिलं. पुढे नवी बाई, मागे भाभी, मध्ये मिरचीची गोणी. भाभींच्या खांद्याला आणखी एक पिशवी होती.

भाभींनी वर पाहिलं. "बाई, डंकावर निघालो! तुमची पण घालून आणू काय?"

आणू काय. म्हणजे मी जायचा प्रश्नच नव्हता. आणि 'तुमची पण' इतकं अदबीनं म्हटलेलं की त्याला उत्तरही अदबीनंच द्यावं लागलं.

"नको," मी म्हणाले. "माझी अजून वाळायची आहे."

आत येऊन मी पिशवीतली मिरची पुन्हा उन्हात पसरली. कडकडीत वाळलेली मिरची, आणखी वाळायला. नवऱ्यानं पेपरवरून विचारलं, "काल भरलीस ना ती?" मी म्हणाले, "दमट वाटली." त्यानं एक मिरची उचलून मोडली. टचकन आवाज झाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शहाण्यासारखा पुन्हा पेपरात गेला.

रविवारी सकाळी माझ्या दारावर कोणीतरी दोन्ही हातांनी बडवायला लागलं.

"बाई! दार उघड! अगं उघड की, मेलो मी!"

दारात भाभी. केसांतून तपकिरी पाणी गळतंय, डोळे घट्ट मिटलेले, गाऊन खांद्यापर्यंत भिजलेला. मी हाताला धरून त्यांना न्हाणीघरात नेलं.

"काय लावलंत डोक्याला?"

एवढ्या आगीतही माझ्या तोंडून 'लावलंत'च निघालं. शिक्षणाचा हा एक परिणाम आहे.

"शिकेकाई गं, दुसरं काय लावू? डंकावरची! पाणी वत की, बघत काय बसलीस?"

मी तांब्या ओतला. त्या किंचाळल्या. "पाण्यानं आणखीच पेटतंय! थंड कायतरी दे! ताक दे, ताक!"

फ्रीजमध्ये आंबीलीसाठी केलेलं पातेलंभर ताक होतं. ते मी सगळंच्या सगळं त्यांच्या डोक्यावर रिकामं करायला लागले. "वत, वत. थांबू नको. कानामागं घाल. अगं तिकडं नव्हं, हिकडं! तुला कळत न्हाई काय?" मी ओतत होते. त्यांची टाळू लाल झाली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्या मनात एवढा आनंद दाटला होता की तो चेहऱ्यावर दिसतच असणार. बरं झालं, त्यांचे डोळे मिटलेले होते. वत. दे. बसलीस. तुला. मी ताक ओतत होते आणि सर्वनामं वेचत होते.

आग जरा निवल्यावर, डोक्याला टॉवेल गुंडाळून, मोरीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्या पिशवीत शिकेकाई होती. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, संत्र्याच्या वाळक्या साली. डंकावर शिकेकाई आधी कांडतात, मिरची मागून, हे आमच्याकडे पोरीसोरींनाही माहीत असतं, आणि भाभींना तर चांगलंच माहीत होतं. पण नव्या बाईला लाल मिरची उडताना फोनवर घ्यायची होती आणि सकाळचं कोवळं ऊन नेमकं त्या वेळी डंकावर पडत होतं. "थोड्या वेळानं लाइट जाईल गं," ती म्हणाली. म्हणून मिरची आधी गेली. मग मुसळं मूठभर मिठानं पुसून शिकेकाई टाकली.

"मला कळत हुतं," भाभी म्हणाल्या. "पर ती एवढी हौसेनं म्हणत हुती."

ताकानं भिजलेल्या माझ्या हातांना ते वाक्य मिरचीपेक्षा जास्त झोंबलं. डंकाचा क्रम भाभींनी माझ्यासाठी कधीच मोडला नसता. मी मोडा म्हटलंच नसतं, ही गोष्ट वेगळी. मी जन्मभर क्रम पाळत आले.

इतक्यात वरून नवी बाई धावत खाली आली. तिनं अजून तिची शिकेकाई वापरली नव्हती. असलं नशीब काही लोकांना जन्मतः मिळतं.

"अगं सॉरी गं! मला काय माहीत!"

"तुझ्या त्या रीळापायी माझी टाळू जाळलीस की गं येडे!"

"दाखव बघू." तिनं टॉवेल बाजूला केला, केसांतून बोटं फिरवली आणि तिचे डोळे मोठे झाले. "अगं पण हे केस बघ! केवढे मऊ झालेत! ताकानं?"

भाभींनी स्वतःच्या केसांना हात लावला. "व्हय की गं."

"बटरमिल्क ट्रीटमेंट!" ती म्हणाली, आणि तो फोन वर आला. मग माझ्याच न्हाणीघरात, माझ्याच ताकात न्हालेल्या भाभींचे केस तिनं डावीकडून आणि उजवीकडून टिपले. दोघी हसत जिना चढून वर गेल्या. मी मोरी धुतली. त्या दिवशी आमच्याकडे आंबील झाली नाही, ताकच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाभी वाटीत गुलकंद घेऊन आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "बाई, काल लई तरास दिला तुमास्नी."

तुमास्नी. म्हणजे कालचा सगळा माल परत गेला होता. गुलकंद उत्तम होता. मी तो चार दिवस खाल्ला नाही.

त्या चार दिवसांत मी बराच विचार केला. पन्नाशी उलटलेल्या, शहाण्या म्हणवणाऱ्या, माठाच्या फितीला हसणाऱ्या बाईनं दुसऱ्या बाईच्या तोंडून एक सर्वनाम ऐकायला तडफडावं, याला काय म्हणायचं? त्या फितीतही एवढा पोकळ थाट नव्हता. तरीपण वर जिन्यात "ए, आलीस काय गं?" असा भाभींचा आवाज आला की माझ्या हातातला चमचा थांबायचा. शेवटी मी ठरवलं, मागून मिळत नसेल तर आपण आधी द्यावं. व्याकरणात तशी बंदी कुठेही नाही.

आंबील केली. ऊन चढलं तशा भाभी पेला घेऊन दारात आल्या.

मी म्हणाले, "ये की आत. बाहेर का उभी?"

भाभींनी मागे वळून पॅसेजमध्ये पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"कुणाला म्हणालासा?"

"तुला."

त्या आत आल्या, पेला टेबलावर ठेवला आणि हाताची पालथी बाजू माझ्या कपाळाला लावली. "ऊन लागलंय काय तुमास्नी? दुपारचं गच्चीवर जाऊ नका म्हणून मी किती डाव सांगितलं."

"ऊन नाही लागलं. तू म्हणतेय मी. तूही म्हण."

"मला न्हाई जमायचं बाई."

"तिला म्हणता... म्हणतेस की."

"ती व्हय!" भाभी खुर्चीत बसल्या. "तिला रिक्षावाला बी तू म्हणतोय. तिचं काय घेऊन बसलाईसा? तुम्ही म्हंजे... आता कसं सांगू? माझी पोरगी दहावीला तुमच्या हाताखाली शिकली. शाळेत न्हाई शिकलं त्ये हितं ह्या टेबलावर शिकली. मी तवापासनं तुमाला तुमीच म्हणतो. आता जीभ कशी वळायची?"

उत्तर चांगलं होतं. त्यात मान होता, आठवण होती, आणि मला जे हवं होतं ते सोडून सगळं होतं. मी पातेल्याचं झाकण काढलं.

तेवढ्यात नवी बाई दारात. हातात तिचा झाकणाचा काचेचा डबा, त्यावर नाव घातलेलं. उघड्या दारातून तिनं शेवटचं ऐकलं होतं.

"अय्या, ताई! म्हणजे फायनली!" ती माझ्या खांद्याला बिलगली. "मला पहिल्या दिवसापासून तेच म्हणायचं होतं, पण तुमचा चेहराच असा... बास, आजपासून मीपण तूच म्हणणार. ए, तू ह्यात लसूण किती घालतेस गं?"

महिनाभर ज्याची वाट बघितली ते शेवटी आलं, आणि ज्या तोंडातून यायला हवं होतं ते सोडून दुसऱ्याच तोंडातून आलं. मी काय म्हणणार होते कोण जाणे. बोलायची वेळच आली नाही, कारण टेबलावर पेला आपटला.

"ए!" भाभी म्हणाल्या. "कुणाला तू म्हणतीस?"

"अगं, त्यांनीच तर..."

"मला म्हटलंय त्यांनी. तुला न्हाई. वीस वर्सं मी न्हाई म्हटलं आन् तू काल आलीस! बाई म्हण त्यांना. तुमी म्हण."

नवी बाई हसत हसत थांबली. तिनं एकदा भाभींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि डब्याचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं. भाभींचे कान लाल झाले होते. तो आवाज, ती धार, वाक्याच्या शेवटी जरा जास्तच लागलेला तो जोर, हे सगळं मला नीट ओळखता आलं. पाडव्यापासून मी तेच पोटात घेऊन हिंडत होते. फक्त बाहेरून ते कसं ऐकू येतं हे पहिल्यांदा कळलं. ऐकायला वाईट नव्हतं.

"बरं. बाई, लसूण किती घालता?" नवी बाई अगदी शाळेतल्यासारखी म्हणाली.

"चार पाकळ्या," मी म्हणाले. "ठेचून. चिरून नाही."

भाभीनं एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"अळणी हाय," ती म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा. मग पेला माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "मीठ घाल..."

'घाला'तला पुढचा 'आ' तिनं लावला आणि मला ऐकू आला नाही, की लावायचा राहिला, की गिळला, ते कळलं नाही. नवी बाई डबा हातात घेऊन आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. मी विचारलं नाही. मीठ घातलं, ढवळलं, आणि आधी भाभीचा पेला भरला.